सिंगल फेज

मागच्या महिन्यात बारामतीत एका मंगल कार्यालयात शेतकऱ्यांसाठी आत्मविश्वासावर व्याख्यान होतं. जेवण चांगलं असतं असं कळल्यामुळं मी गेलो. गालाला माइक चिकटवलेला एक तिशीतला पोरगा व्यासपीठावर येरझाऱ्या घालत होता आणि सांगत होता की भीती फक्त मनात असते, ती मनातून काढली की संपली. आजूबाजूची पिकल्या केसांची माणसं माना डोलवत होती. मला मात्र असा राग आला की हातातला मठ्ठा धोतरवाल्या शेजाऱ्याच्या मांडीवर सांडला. भीती मनात असते हे हा मला सांगणार? माझी भीती गुडघ्यात होती. ती कुठून निघायची, कुठं थांबायची आणि ऐन वेळेला कशी पाय धरायची, हे मला माझ्या घरच्या रस्त्याइतकं पाठ आहे. मी जेवण न करता उठलो, यावरून राग किती खरा होता ते ओळखा. घरी येऊन हे लिहायला बसलो. तेव्हा या प्रकरणात कुणाला काही वाकडं वाटलं, तर त्याचं पाप त्या माइकवाल्याच्या माथी.

आमच्या भागात माणसाचं आडनाव एक असतं आणि चालतं दुसरंच. आजोबांच्या काळात आमच्या घरात मेंढरं होती. एकदा कुणाच्या तरी रानात खतासाठी मेंढरं बसवली असताना आजोबांचा डोळा लागला आणि कळपानं शेजारच्या पाटलांचा फुलावर आलेला हरभरा साफ केला. त्या दिवसापासून आम्ही झोपे. मेंढरं गेली, जमीन आली, ऊस आला, तरी नाव गेलं नाही. माझे वडील, म्हणजे आबा, अंधार असतानाच मोटर चालू करायला रानात जायचे. अख्ख्या गावात त्यांच्याइतका कमी झोपलेला माणूस नव्हता, आणि डेअरीवर दूध घालायला गेले की कॅन धरणारा पोरगासुद्धा म्हणायचा, "या झोपे." आबा फक्त कॅन जरा जोरात ठेवायचे. गावाचा एक न सांगितलेला नियम होता, की चेष्टेत ठेवलेलं नाव एक हंगाम टिकलं तर ते पक्कं झालं. मग ते पोराबाळांच्या नावावर चढलं, सातबाऱ्यावर चढायचं तेवढं बाकी. हे मी एवढ्यासाठी सांगतोय की ज्या वर्षी मला नाव पडलं त्या वर्षी मी दहावीला होतो, आणि तो साखर कारखान्याचा हंगाम संपायच्या आत ते नाव मोडणं मला भाग होतं. नाहीतर मी, माझी मुलं आणि त्यांची मुलं, सगळे 'सिंगल फेज'.

आमची वस्ती बारामती-इंदापूर रस्त्याच्या आत, कारखान्याच्या धुराड्याच्या सावलीत. हंगाम सुरू झाला की घराला घड्याळ लागायचं नाही. भोंगा वाजला की चहा, भोंगा वाजला की धार. बैलगाड्यांच्या घुंगरांचा आवाज आणि ट्रॅक्टरवरच्या टेपचा ठणाणा यांत आई चुलीपाशी बसून स्वतःशीच भांडत असायची, कारण धुराड्याची काजळी उडून तिच्या दुधावर, पापडांवर आणि आबांच्या पांढऱ्या टोपीवर बसायची. घरात आबा, आई, मी आणि माझ्याहून वर्षानं धाकटी सुरेखा, जिला सगळे सुरी म्हणत. अंगणापलीकडं चुलत्यांचं घर. त्या घरात काकी, आणि काकींचा नाना. नाना माझ्याहून दोन यत्ता पुढं होता, दिसायला गोरा, आणि त्याला कशाचीच भीती नव्हती. ज्याला भीती नाही अशा माणसाबरोबर एका अंगणात वाढणं किती त्रासाचं असतं, हे ज्यानं भोगलं त्यालाच कळेल.

सुरुवात काकींच्याच टीव्हीवर झाली. एका रविवारी कुठल्यातरी थंड देशातली माणसं पायाला लांब पट्ट्या बांधून बर्फाच्या डोंगरावरून घसरत येताना दिसली. खाली एक उंचवटा होता. त्यावरून ती हवेत उडायची, कोलांटी घ्यायची, आणि काहीच झालं नाही अशा तोऱ्यात पायांवर उभी राहून पुढं जायची. काकी म्हणाल्या, "ह्यांला कामं न्हाईत व्हय?" नाना मात्र खिडकीतून बाहेर बघत होता. खिडकीतून कारखान्यामागचा भुशाचा डोंगर दिसायचा. ऊस पिळून झाल्यावर जो भुसा उरतो तो तिथं रचत, आणि हंगामाच्या शेवटाला तो तीन मजल्यांएवढा व्हायचा. "दत्त्या," नाना म्हणाला, "हे भुशावर हुतंय की."

पट्ट्या कशाच्या करायच्या हा प्रश्न आम्हाला पडला नाही. आमच्याकडं कुठल्याही पोराला विचारा, प्लॅस्टिकच्या पाइपाचं तोंड दुसऱ्यात बसत नसेल तर उसाच्या पाचटाचा जाळ करून ते शेकायचं, मऊ झालं की हवं तसं वळवायचं. आम्ही गोठ्यामागं पडलेला आबांचा पाइप करवतीनं उभा चिरला, जाळावर धरला, आणि मऊ झाल्यावर सपाट करायला मी त्यावर उडी मारली. गार होईपर्यंत थांबायचं असतं हे माझ्या टाचेनं मला शिकवलं. पुढचं टोक नानानं विटेवर वाकवून वर केलं, मधे सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या आवळल्या, आणि गुडघ्याएवढ्या लांबीच्या दोन जोड्या तयार झाल्या. त्यांना आम्ही चपट्या म्हणायचो. आबांना त्याच संध्याकाळी कळलं. चपटी हातात धरून त्यांनी ती उलटसुलट बघितली. "ह्यातनं पाणी जायाचं," ते म्हणाले. "आता काय जाणार हाय ह्यातनं?" मला जो मार बसला तो बसला, पण मार बसला म्हणजे हिशोब मिटला. दुसऱ्या दिवसापासून चपट्या उघड उघड गोठ्याच्या भिंतीला टांगलेल्या असत.

भुशाला आग लागू नये म्हणून कारखान्याची माणसं त्यावर पाणी मारायची. ते उन्हात वाळलं की वर दुधावर साय धरावी तशी कडक थर धरायचा आणि त्यावरून चपटी अशी सटकायची की पोटातलं सकाळचं माडगं तोंडात यावं. डोंगराच्या खालच्या अंगाला आम्ही उसाच्या शेंड्यांच्या, म्हणजे वाढ्यांच्या, पेंढ्या रचून, वर भुसा थापून एक उंचवटा केला. त्याचं नाव उंबरा. उंबऱ्याच्या पलीकडं मोकळा, मऊ भुसा. वॉचमन तात्यांना सुरी रोज ताकाची बरणी नेऊन द्यायची, त्यामुळं तात्यांची नजर कायम रस्त्याकडं असायची. नानानं आधी घसरून दाखवलं, मग उडून, आणि आठवड्याच्या आत हवेत कोलांटी घेऊन पायांवर उभा राहिला. कारखान्याच्या कॉलनीतली पोरं बघायला जमायला लागली.

माझी पहिली कोलांटी हा अपघात होता. मी सरळ उडणार होतो. पण उंबऱ्यावरची एक पेंढी माझ्या पायाखाली सरकली, आभाळ एकदा खाली गेलं, धुराडं उलटं दिसलं, आणि मी भुशात मांडीएवढा रुतून उभा होतो. पोरं अशी ओरडली की तात्यांना मागं वळून बघावं लागलं. नानानं मला उचललं. आता शहाण्या माणसानं इथं सांगून टाकावं की पेंढी सरकली. मी केस झटकले आणि म्हणालो, "जमतंय की. त्यात काय?" माझ्या आयुष्यातली बरीच संकटं या चार शब्दांनी सुरू झालेली आहेत.

कारण पोरं म्हणाली, परत मार. मी वर गेलो. घसरलो. उंबरा जवळ आला आणि माझे गुडघे, मला न विचारता, एकमेकांना चिकटले. मी उंबऱ्यावर चक्क बसलो. पाटावर जेवायला बसावं तसा. दुसऱ्या दिवशी मात्र जमलं. तिसऱ्या दिवशी परत बसलो. एखाद्या दिवशी लागोपाठ जमायचं, मग आठवडाभर काही नाही. ज्याला कधीच जमत नाही त्याची लोक कीव करतात. माझं तसं नव्हतं. मला येत होतं, आणि येत नव्हतं. असल्या माणसाची कीव कुणी करत नाही, त्याची मजा बघतात.

त्या काळी वीज तीन फेजची आली तर मोटर चालायची. सिंगल फेज असली की घरातला दिवा लागायचा, पण मोटरीचं बटण दाबलं तर ती नुसती हं-हं-हं करायची; फिरायची नाही, आणि तशीच ठेवली तर जळायची. मी पुन्हा एकदा उंबऱ्यावर बसलो तेव्हा नाना वरून म्हणाला, "ह्याला दिवा लागतुया रं, पर मोटर न्हाय उचलत. सिंगल फेज हाय." झालं. संध्याकाळपर्यंत कॉलनीत, दुसऱ्या दिवशी शाळेत. मी वर्गात उत्तर द्यायला उभा राहिलो की मागच्या बाकावरून कुणीतरी तोंड मिटून हं-हं-हं करायचं. गुरुजींनाही हसू यायचं. मला अजून त्या गुरुजींचा राग आहे. ते वारले, तरी आहे.

मग मी नियम शोधायला लागलो. ज्या दिवशी जमलं त्या दिवशी काय वेगळं होतं? एकदा आठवलं की सकाळी हुलग्याचं माडगं प्यायलो होतो. म्हणून रोज माडगं मागायला लागलो. आई आधी खूश झाली, मग काळजीत पडली. शेवटी घरातल्या सगळ्यांनी मला रात्री अंगणात झोपायला लावलं, कारण हुलग्याला स्वतःचा आवाज असतो. माडग्यानं काही होईना म्हणून मी शर्ट न बदलण्याचा नियम केला, मग डाव्या पायात चपटी आधी बांधण्याचा. हे सगळं हास्यास्पद आहे हे मला आज कळतं, पण आमच्या लोकांचा जगण्याचा रिवाजच तसा होता. आमच्याकडं वीज कुणी आणत नाही, ती येते. एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री, आणि मधे कधीही जाते. माणूस बटणापाशी बसून राहतो. मीसुद्धा धाडसाची तशीच वाट बघत भुशावर बसलो होतो. येईल, आज नाहीतर उद्या, पूर्ण दाबानं येईल, आणि त्या दिवशी मला भीती वाटणारच नाही.

राग करून बघितला. नाना एकदा म्हणाला, "झोप्याचं पोरगं हाय, हवेत गेलं तर तितंच झोपंल." स्वतःच्या चुलत्याला झोप्या म्हणणारा हा, याच्या घरावर तेच नाव नव्हतं का? मी डोळ्यांत रक्त आणून वर चढलो, कुणाकडं न बघता सुटलो आणि उंबऱ्यावरून असा उडालो की कोलांटी अर्धीच झाली. तोंडावर आपटलो. नाकात भुसा गेला. दोन दिवस मी शिंकत होतो आणि प्रत्येक शिंकेला आई म्हणायची, शिंक झाली, कुणी बाहेर निघू नका. व्यासपीठावरची पोरं सांगतात, राग हे इंधन आहे. असेल. माझं तर त्यानं नाक भरलं.

सुरी रोज ताक घेऊन यायची आणि थोडा वेळ बघत उभी राहायची. एक दिवस म्हणाली, "दादा, मला दे की एकदा." मी दिल्या, ती पडावी म्हणून दिल्या असंही म्हणता येईल. ती पडली. नाकावर पडली, पाठीवर पडली, एकदा तर एक चपटी तिच्याआधी खाली पोचली. प्रत्येक वेळी ती उठायची, तोंडातला भुसा थू करून थुंकायची, ओढणी कमरेला परत घट्ट बांधायची आणि वर चढायला लागायची. हसायची नाही, रडायची नाही, कुणाकडं बघायचीही नाही. आणि मग एका दुपारी ती हवेत गोल फिरली आणि उभी राहिली. नाना टाळ्या वाजवायला विसरला. त्यानंतर ती रोज यायची आणि रोज मारायची. कधी पडायची, पण उंबऱ्यावर कधी बसली नाही.

घरी जाताना मी तिला विचारलं, जरा हळूच, कारण धाकट्या बहिणीला असलं विचारणं कठीण.

"तुला भ्या वाटत न्हाय का गं?"

"वाटतं की."

"कवा?"

"रोजच. उंबरा दिसला की पोटात गोळा येतो."

"मग?"

"मग काय? गोळा येतुया आन् मी जातीया."

"येडी हायेस. ज्या दिवशी भ्या वाटणार न्हाय त्या दिवशी मारायची असती."

ती थांबली. बरणी या हातातून त्या हातात घेतली. "तसला दिवस कवा येतुया?" तिनं विचारलं. टोमणा नव्हता तो. तिला खरंच वाटलं की मला माहीत असेल. मला इतका राग आला की मी तिला मागं टाकून झपाझप वस्तीकडं निघालो. सगळा हंगाम मी ज्या विजेची वाट बघत होतो ती येतच नसते, हे एक पोर ताकाची रिकामी बरणी हलवत हलवत सांगते म्हणजे काय?

काकींनी बघितलं आणि संपलं. कारखान्याच्या रस्त्यानं येताना त्यांना सुरी हवेत उलटी दिसली. त्या संध्याकाळी काकी आमच्या अंगणात उभ्या राहून आबांना ऐकवत होत्या, "पोरगी भुशावर पाय वर करून उडतीया, भावजी. उद्या नाकाचं हाड मोडलं तर कोण करून घेणार हाय? ठेवा मग घरात, लोणचं घालून." आबा जेवत होते. त्यांनी घास खाली ठेवला आणि एवढंच म्हणाले, "सुरे, उद्यापासनं तिकडं जायाचं न्हाय. ताक दत्त्या नील."

"आन् नाना? आन् दादा?" सुरीनं विचारलं.

"ती पोरं हायती."

मी समोरच बसलो होतो. बोलावं म्हणून मी तोंड उघडलं. आई माझ्याकडं बघत होती, सुरी बघत होती. माझ्या तोंडातून नुसता हं-हं असा काहीतरी आवाज आला. आबांनी पाण्याचा तांब्या पुढं सरकवला. त्यांना वाटलं घास अडकला.

 सुरी आता इंदापूरला असते, दारात गाया आहेत, घरात सून आहे. तिच्यापुढं विषय काढला तर म्हणते, "जाऊ दे रं दादा, भुसाच हुता त्यो." तिनं जाऊ दिलं असेल. मी का जाऊ देऊ? ज्याला जमत नव्हतं त्याला हंगामभर रोज नवी संधी मिळत होती, वर चेष्टेचं का होईना एक नावही मिळालं होतं. जिला जमत होतं तिला चुलीपुढं बसवलं. आणि तिला नाव ठेवायचीही कुणाला गरज वाटली नाही.

कारखाना बंद झाला. भोंगा थांबल्यावर वस्ती बहिरी झाल्यासारखी वाटली. सोमवारपासून भुसा उचलायला ट्रक येणार होते, म्हणजे रविवार शेवटचा. नानानं कॉलनीभर सांगितलं होतं, आज सिंगल फेज चालतीया का बघा, न्हायतर पुढच्या हंगामापर्यंत तारंवरला आकडा काढून ठिवू. मी वर चढलो तेव्हा खाली बाया, पोरं, रिकामे झालेले गाडीवान, सगळे. कुणीतरी तोंड मिटून हं-हं-हं सुरू केलं, मग सगळ्यांनीच. तीन मजल्यांच्या उंचीवर तो आवाज मधमाश्यांच्या पोळ्यासारखा येत होता.

मी वाट बघितली. सवयीनंच बघितली. काहीही आलं नाही. पोटात गोळा होता, गुडघे चिकटायच्या तयारीत होते, माडगं प्यायलेलो होतो, शर्ट तोच होता. राग होता, तोही काही कामाचा नव्हता. मग मला स्वतःचीच चीड आली, की आपण अजून बटणापाशी बसलोय. येणार नाही ती. तिला यायचंच नसतं. मी भीतीसकट सुटलो. उंबरा जवळ येताना माझा गुडघा कापत होता हे खालच्यांनाही दिसलं म्हणे. कापत कापतच उंबऱ्यावरून गेला. धुराडं उलटं झालं, सरळ झालं, आणि टाचांत अशी कळ गेली की डोळ्यांपुढं काजवे चमकले. पण मी उभा होतो. हं-हं बंद झालं. नाना खाली आला, माझ्या पाठीत धपाटा घालून म्हणाला, "आली रं. थ्री फेज आली." पुढच्या हंगामात त्या नावानं मला कुणी हाक मारली नाही. झोपे तेवढे राहिलो.

मी चपट्या खांद्यावर टाकून घरी पळालो, म्हणजे चवड्यांवर उड्या मारत. सुरी चुलीपुढं भाकरी थापत होती. मी सगळं सांगितलं, जरा जास्तच सांगितलं. तिनं मान वर केली नाही.

"गुडघं पोटाशी कवा घेतलं?"

"उंबऱ्यावरच. लगेच."

"मग टाचांवर पडला असशील. वर गेल्यावर घ्यायचं असतंया."

"तुला काय ठावं? तू कुठं येतीयास आता?"

"मी रोज मारतीया," ती म्हणाली. "हितं बसून. भाकरी उलटायच्या आत दोनदा." तिनं भाकरी तव्यात टाकली. "आन् दादा, मला परत हे सांगाय यिऊ नकोस."

मी तिथून उठलो. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी जिंकून आलो होतो आणि ते सांगायला घरात माणूस उरलं नव्हतं.

सकाळी आबा अंगणात चहा घेत होते. पलीकडून ट्रकांचा आवाज येत होता. मी समोर जाऊन उभा राहिलो. इथं एक सांगायला हवं. आबांपुढं मी कधी उभा राहत नसे. त्यांचा हात पायताणाकडं गेला की मी ओढ्यापर्यंत पळायचो, आणि आबाही मला पळायला तेवढी सवड द्यायचे. तो आमचा समझोता होता.

"आबा, सुरीला जाऊ द्या."

"कुठं?"

"भुशावर. आजच हाय. ट्रक आल्यात."

"कशापायी?"

"ती माझ्यापरीस चांगलं मारती."

"मग तूबी जाऊ नकोस," आबा म्हणाले आणि बशीत चहा ओतला.

माझ्याकडं एवढंच भाषण होतं. ते संपल्यावर मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, आवाज चढवून. आवाज फाटला. काकी त्यांच्या दारात आल्या. आबांनी बशी ठेवली आणि माझ्या कानाखाली एक दिली. कान वाजत होता तरी मी तिसऱ्यांदा तेच म्हणत होतो, तेवढ्यात काकी म्हणाल्या, "आन् हाय कुठं ती पोरगी?"

घरात कुणीच नव्हतं. गोठ्याच्या भिंतीवर माझ्या चपट्यांच्या जागी नुसता खिळा होता. आई धारेला बसली होती. "शेणी लावाय गेली आसंल," ती म्हणाली, आणि म्हशीच्या पोटाला डोकं टेकवून धार काढत राहिली. मी इतका मोठा शूरपणा अंगणात करत होतो, तेवढ्यात सुरी मागच्या दारानं गेली होती.

आबा पुढं, हातात पायताण. मागं मी, टाचा दुखतात म्हणून चवड्यांवर. डोंगराची एक बाजू ट्रकवाल्यांनी फोडली होती, उंबऱ्याची बाजू अजून उभी होती. वर सुरी होती. "सुरे, खाली ये," आबा ओरडले. ती आली. ज्या रस्त्यानं यायची होती त्याच रस्त्यानं आली. उंबऱ्यावर तिचे गुडघे मोकळे होते, वर गेल्यावर तिनं ते पोटाशी घेतले, सावकाश, जणू हवेत तिला कुणी बसायला पाट दिला होता, आणि ती आमच्यापासून दोन हातांवर उभी राहिली. भुसा भरणाऱ्या माणसांची खोरी थांबली. नाना कुठूनतरी बघत होता.

आबा तिच्याकडं बघत राहिले. मला वाटलं, आता काहीतरी म्हणतील.

"ओढणी कुठं हाय तुझी?" आबा म्हणाले.

"कमरंला हाय," सुरी म्हणाली. तिनं चपट्या सोडल्या, काखेत घेतल्या, आणि पाठ फिरवून परत वर चढायला लागली.

आबा तिच्या मागं जायला वळले. मी मधे आलो. कसा आलो ते मला सांगता येणार नाही, टाचा तर टेकत नव्हत्या. पायताणाचा हात वर गेला आणि थांबला. आबा मला पळायला सवड देत होते. माझा गुडघा कापत होता, त्यांनाही तो दिसत होता.

"सरक," आबा म्हणाले.

माझ्या मागं भुशावर तिच्या पावलांचा खस्स खस्स आवाज वर वर जात होता.

"न्हाय," मी म्हणालो.